गोणीमागचं पाणी

दिवाळी सरली की कोकणातल्या पऱ्ह्याचा, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याचा, आवाज बारीक होतो. भाद्रपदात पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जाणारा त्याचा खळाळ आता काठावर उभं राहिल्यावरच कानी पडतो. दगडांची डोकी उघडी पडतात, मधल्या धारेत तळाची वाळू कणाकणाने दिसते, शेवाळावर ऊन पडतं. पऱ्ह्या वर्षात सगळ्यात देखणा दिसतो तो याच पंधरा-वीस दिवसांत. आणि याच दिवसांत तो गावातून निघून चाललेला असतो. थोपवायचा तर आत्ताच.

कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी एप्रिल उजाडला की रत्नागिरी-रायगडच्या डोंगरावरच्या वाड्यांना आणि धनगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. बाहेरच्याला हे कोडं वाटतं, इथल्या माणसाला त्याचं उत्तर पायाखालीच दिसतं. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र जेमतेम पन्नास किलोमीटरवर, आणि तेवढ्या अंतरात पाण्याला शेकडो मीटर खाली उतरायचं असतं. वरती जांभा, चाळणीसारखा सच्छिद्र. पाणी जितक्या लवकर मुरतं तितक्याच लवकर खालच्या झऱ्यांतून बाहेर पडतं, पऱ्ह्याला मिळतं, पऱ्ह्या नदीला, नदी खाडीला. पाऊस भरपूर आहे, त्याचा गावातला मुक्काम थोडा आहे.

हा मुक्काम लांबवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोणी. त्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि पऱ्ह्याला आडवी भिंत रचायची. हा झाला वनराई बंधारा. डॉ. मोहन धारिया यांनी स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेमुळे हे नाव घरोघरी पोचलं. धारिया मूळचे महाड तालुक्यातल्या नाते गावचे, म्हणजे याच मुलखातले. बांध घालण्याची रीत मात्र त्याहून जुनी. दक्षिण कोकणात वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या, भातासाठी दगड, माती आणि झाडाच्या डहाळ्या घालून दरवर्षी पऱ्ह्ये अडवत. गोणीने त्यात एक मोठी सोय केली. दगड उचलायला ताकद लागते आणि तो बसवायला कसब लागतं. गोण भरायला दोन्ही बेताचं पुरतं, त्यामुळे शाळेतल्या मुलापासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्यांना या कामात हात घालता येतो. गावाने मिळून करायच्या कामासाठी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही.

पण नुसता उत्साह असला की गोणी लागतात दीडशे आणि बंधारा टिकतो आठ दिवस. म्हणून आधी हिशेब करू.

पऱ्ह्याचं पात्र वीस फूट रुंद धरा आणि बंधाऱ्याची उंची तीन फूट. पायाशी रुंदी सहा फूट, माथ्याशी दोन. सरासरी चार फूट म्हणजे वीस गुणिले तीन गुणिले चार, 240 घनफूट. पन्नास किलोची सिमेंटची गोण नीट भरून आडवी ठेवली की साधारण दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि पाच इंच जाड होते, म्हणजे जवळजवळ एक घनफूट. तेव्हा गोणी 240, त्यात दोन्ही काठांत घुसवायच्या आणि फाटतील त्या धरून 280. एका गोणीत तीन-चार घमेली माती जाते आणि तिचं वजन चाळीस किलोच्या आसपास होतं. सगळं मिळून हजारभर घमेली, अकरा टन माती. चाळीस माणसं आली तर माणशी पंचवीस घमेली. आकडा असा मांडला की काम आवाक्यातलं वाटतं, आणि ते असतंही. सकाळी आठला सुरू केलं तर दुपारी दोनला हात धुता येतात.

फक्त दाभणं पुरेशी हवीत. याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. फावडी असतात, घमेली असतात, माणसं असतात, आणि दाभणं असतात दोन. एका गोणीचं तोंड शिवायला दोन मिनिटं धरली तर 280 गोणींना 560 मिनिटं लागतात. दोन दाभणांवर ती पावणेपाच तास खातात आणि बाकीची माणसं भरलेल्या गोणीवर बसून राहतात. आठ दाभणं असली की तेच शिवण सव्वा तासात उरकतं. सुतळी गोणीमागे हातभर धरून चालत नाही, मीटरभर लागते, म्हणजे तीनशे मीटर. कुणी म्हणेल शिवायचं कशाला, गाठ मारू. गाठ मारलेल्या गोणीला मान राहते. ती मान दोन थरांच्या मध्ये येते, तिथे पोकळी राहते आणि पाणी नेमकी तीच वाट धरतं.

गोणी येतात घरबांधणीतून. गावात कुणाच्या स्लॅबचं काम निघालं की गवंड्याला आधीच सांगून ठेवायचं, गोणी धारदार फावड्याने फाडू नका, शिवण उसवून उघडा. हे एवढंच सांगायला उशीर झाला तर शंभर गोणी वाया जातात. रिकामी गोण भंगारवाला विकत घेतो, त्यामुळे ज्याने ती दिली त्याने खरोखर काहीतरी सोडलेलं असतं, याची जाण ठेवावी. कागदी गोण चालत नाही, विणलेल्या प्लॅस्टिकचीच हवी. गच्चीवर वर्षभर उन्हात पडलेली गोण वरून धड दिसते. तिची कड अंगठ्याने चोळून पाहायची, धागे पिठासारखे सुटले तर ती बाजूला टाकायची. सिमेंटचा उरलेला धुरळा पऱ्ह्यापासून लांब, कोरडाच झटकायचा. त्याने हाताची कातडी जळते आणि मासेही मरतात. खताच्या गोणी धुऊन घेता येतात. कीटकनाशकाच्या संपर्कात आलेली गोण मात्र धुऊनही घ्यायची नाही, कितीही कमी पडत असल्या तरी.

कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबईत एक मंडळ असतं. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचं छप्पर, पालखीचा खर्च यांसाठी चाकरमानी हात सैल सोडतो. बंधाऱ्यासाठी त्याच्याकडे मागायचं ते थोडंच असतं. दाभणं, सुतळीचे गुंडे, सहा इंची पाइपाचा एक दहा फुटी तुकडा, आणि कामाच्या दिवसाचे पोहे आणि चहा. खरी मदत त्याच्याकडून वेगळीच घ्यावी. गणपतीला सगळं गाव घरी असतं. तेव्हा जागा पाहायला सोबत नेलं, पात्र मोजायला टेपचं टोक हातात दिलं, की तो बंधारा त्याचाही होतो. मग दिवाळीनंतर फोनवर तो पैशाआधी पाणी किती चढलं ते विचारतो.

जागा कुणाला विचारायची? माझं उत्तर ठाम आहे: पाणी भरणाऱ्या बायांना. कुठली कोंड, म्हणजे पात्रातला डोह, माघापर्यंत टिकते, कुठली होळीला आटते, कुठे वाळू उकरली की झरा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांनी दाखवलेल्या दोन-तीन जागांतून मग मापाने निवड करायची. काठ दोन्ही बाजूंनी उंच आणि घट्ट हवेत, पात्र अरुंद हवं, आणि वरच्या अंगाला पऱ्ह्या सपाट हवा. या शेवटच्या अटीचा फरक किती पडतो पाहा. शंभर फुटांत एक फूट उतार असेल तर तीन फुटी बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेलं पाणी, तीनशे फूट मागे जातो. पाण्याची सरासरी रुंदी पंधरा फूट धरली तर साठा होतो जवळजवळ एक लाख नव्वद हजार लिटर, दहा हजारी एकोणीस टँकर. तोच बंधारा तीस फुटांत एक फूट उताराच्या जागी घातला तर फुगवटा नव्वद फुटांवर संपतो आणि साठा सत्तावन्न हजारांवर थांबतो. गोणी तेवढ्याच, घाम तेवढाच, पाणी तिसऱ्या हिश्श्याहून कमी. उतार मोजायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरते, फुगवट्याच्या जागी दोन काठ्या उभ्या करून अर्ध्या तासात काम होतं. रस्त्याजवळची जागा सोयीची म्हणून पसंत केली जाते, कारण तिथवर टेम्पो जातो. त्या सोयीची किंमत गाव पुढचे चार महिने भरत राहतं.

आणि वेळ. मी सुरुवातीला घाई केली ती उगाच नाही. पऱ्ह्याची धार एखाद्या दगडाच्या खोबणीतून वळवून पंधरा लिटरच्या बादलीत घ्या आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली पंधरा सेकंदांत भरली तर सेकंदाला एक लिटर, दिवसाला 86,400 लिटर. आपला बंधारा सव्वादोन दिवसांत काठोकाठ भरतो. महिनाभर थांबलात आणि तीच बादली भरायला दीड मिनिट लागू लागलं, तर दिवसाला 14,400 लिटर येतात, म्हणजे भरायला तेरा दिवस, तेही गळती शून्य असेल तर. गोणीच्या बंधाऱ्याची गळती शून्य कधीच नसते. येणारं पाणी आणि गळणारं पाणी यांची बरोबरी झाली की बंधारा अर्ध्यावरच अडून राहतो. मग गावात बोललं जातं, बंधाऱ्याचा काही उपयोग नाही. उपयोग होता, महिन्यापूर्वी.

हा महिना नेमका भातकापणीचा. पाऊस परततो तोवर शेतं पिवळी झालेली, माणूस मोकळा नाही, मळणी व्हायची, पेंढा रचायचा, त्यात दिवाळी. म्हणून दिवस आयत्या वेळी ठरवून चालत नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तारीख ठरवावी आणि वाडीवार माणसं लिहून घ्यावीत. दिवाळीनंतरचा पहिला किंवा दुसरा रविवार बहुतेक ठिकाणी साधतो. तुळशीच्या लग्नाच्या पुढे जाऊ देऊ नये.

कामाच्या दिवशी पहिलं फावडं गोण भरायला चालवायचं नाही, पाया उकरायला चालवायचं. पात्रातली सैल वाळू आणि गोटे काढत काढत खाली घट्ट मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जायचं. बहुधा फूट-दीड फुटात लागतो. हे टाळलं तर वरची भिंत कितीही सुंदर असो, पाणी वाळूतून खालून सरकतं. आधी थेंब थेंब, मग वाळू घेऊन, आणि एका सकाळी मधल्या गोणी खचलेल्या दिसतात. दोन्ही काठांतही दोन-दोन फूट खाच घ्यायची आणि गोणी आत घुसवायच्या. बंधारे समोरून क्वचितच फुटतात. ते बगलेने जातात, जिथे भिंत संपते आणि काठाची भुसभुशीत माती सुरू होते. तिथेच खेकड्यांची बिळं असतात. काठाची खाच घेताना बीळ दिसलं तर हात दीड हात उकरून चिकणमाती ठोकून बुजवायचं. खेकडा पुन्हा उकरतो, पण तोवर आठवडा जातो आणि पाहणाऱ्याचं लक्ष राहतं.

पाया उकरतानाच वाहतं पाणी पाइपातून पलीकडे काढून द्यावं. पाइप तळाला, प्रवाहाच्या दिशेने, वरच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा लावता येईल असा. काम चालू असताना पात्र कोरडं राहतं, पुढे खालच्या वाडीसाठी पाणी सोडता येतं, आणि मे महिन्यात बंधारा काढताना आतलं पाणी शांतपणे उतरवता येतं. एक तुकडा तीन कामं करतो.

माती कुठली घ्यायची? फुगवट्याच्या भागात साचलेला गाळ-मुरूम काढावा, म्हणजे साठ्याची जागाही वाढते. काठाच्या बुडाची माती कधीच काढू नये, आणि कुणाच्या शेताच्या वरच्या थराला तर हात लावू नये. गोण तीन-चतुर्थांश भरायची. काठोकाठ भरलेली गोण टरबुजासारखी गोल होते, शेजारणीला नुसती टेकते, बिलगत नाही. थोडी सैल भरली, ठेवून पायाने तुडवली की ती पसरते आणि फटी आपोआप भरतात. लांबी पाण्याच्या दिशेने ठेवायची, शिवलेलं तोंड भिंतीच्या आत. पहिल्या थरात तीन-तीन गोणींच्या सोळा रांगा बसतात, अठ्ठेचाळीस गोणी. दुसरा थर विटांसारखा सांधा मोडून, अर्धी गोण सरकवून. असे सात थर, दर थराला थोडं आत येत, माथ्याला एकच गोण.

गोण वजन देते. पाणी अडवते ती चिकणमाती. हा फरक कळला की निम्मे दोष टळतात. प्रत्येक थरावर आणि वरच्या अंगाला ओली चिकणमाती थापायची, पायाने मळून, पेंढा कुस्करून घातला तर तिला भेगा कमी पडतात. काही ठिकाणी वरच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद लावतात. लावायचा तर त्याची खालची कड पायाच्या चरात पुरून वर माती दाबावी, नुसता भिंतीवर सोडला तर पाणी त्याच्या खालूनच जातं. गुरं पाण्याला उतरतात, त्यांच्या खुरांनी कागद फाटतो. मातीची डागडुजी कुणालाही करता येते, म्हणून मी मातीकडेच झुकतो.

माथ्यावर मधोमध सहा-आठ फूट लांबीत एक थर कमी ठेवायचा, म्हणजे भरून वाहायचं पाणी काठाकडे न जाता मधून पडेल. जिथे पडेल तिथे खाली चपटे दगड अंथरायचे. नाहीतर पडणारी धार पायाशी खड्डा करते आणि बंधारा स्वतःच्या सांडीत गुडघे टेकतो.

एवढी सहा फुटांची बैठक कशाला, असं काम करताना कुणीतरी विचारतंच. तीन फूट उभं पाणी वीस फुटांच्या भिंतीला एकूण अडीच टनांनी ढकलत असतं. त्यात खालून झिरपणारं पाणी भिंत थोडी उचलून धरतं, तिचं वजन हलकं करतं. उंचीच्या दुप्पट पाया धरला तर ती जागची हलत नाही. उंची दीडपट, साडेचार फूट केली तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, पावणेसहा टनांच्या घरात जातो. म्हणून एक उंच बंधारा घालण्यापेक्षा तीन-तीन फुटांचे चार घालावेत, प्रत्येकाचा फुगवटा वरच्याच्या पायाशी संपेल अशा अंतराने. एक गेला तरी गावाचं पाणी जात नाही.

पहिल्या रात्री दोघांनी तरी तिथे राहावं. पाणी चढत असताना गळती कुठे आहे ते कळतं. वरच्या अंगाला पाण्यावर मूठभर भाताचं तूस सोडायचं. जिथे ते गोळा होऊन खाली ओढलं जातं तिथे भोक. तिथेच शेण आणि चिकणमातीचा पातळ काला ओतायचा, पाणी तो स्वतःच फटीत ओढून नेतं. पहिले चार दिवस हे करत राहिलं तर पुढे दोन महिने फार पाहावं लागत नाही. श्रमदानाचा फोटो चाळीस माणसांचा निघतो, या चार रात्रींचा निघत नाही. बंधारा उभा राहतो तो या चार रात्रींमुळे.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि त्यात एकही गोण नाही.

साठ घरांची वाडी, तीनशे माणसं, माणशी चाळीस लिटर धरले तर रोजचे बारा हजार लिटर. मघाची आटत चाललेली, दीड मिनिटाला बादली भरणारी धार दिवसाला 14,400 लिटर देते. म्हणजे ती एवढीशी धारसुद्धा वाडीला पुरते, पण रात्रभर वाहून जाते आणि सकाळी घागरीखाली करंगळीएवढी उरते. बंधारा ती रात्र साठवतो. काठच्या विहिरीची पातळी उचलून धरतो, मातीतून गाळलेलं पाणी विहिरीत देतो. एका बंधाऱ्याने वैशाख निघतो असं कुणाला सांगू नये, ते खरं नाही. पण टँकर महिनाभर उशिरा लागणं ही पाणी भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

आता याच साठ्यावर पाच अश्वशक्तीचा एक पंप बसवा. तो सेकंदाला दहाएक लिटर ओढतो. एक लाख नव्वद हजार लिटर तो सव्वापाच तासांत संपवतो. चाळीस माणसांचा दिवस, हजार घमेली, चार रात्रींची जाग, सगळं एका सकाळीत कलिंगडाच्या वाफ्यात. पंप लावणारा चोर नसतो. पुष्कळदा त्यानेच दीडशे गोणी दिलेल्या असतात, ट्रॅक्टर फुकट फिरवलेला असतो, पोह्यांचा खर्च उचललेला असतो. पऱ्ह्याकाठी जमीन आहे म्हणून त्याला पाणी सोयीचं, आणि सोय आहे म्हणून त्याने हात सैल सोडला. त्याला दोष देऊन काही साधत नाही. दोष त्या सभेचा, जिने तारीख ठरवली, पोहे ठरवले, आणि पाण्याचं काहीच ठरवलं नाही.

आपल्याकडे एकमेकांच्या कामाला जाण्याच्या जुन्या रीती आहेत. पैरा आहे, सावड आहे, इर्जिक आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी शेतकऱ्यांची पडकई आहे, ज्यात मिळून एकेकाची खाचरं पाडतात. या रीती इतकी वर्षं टिकल्या, कारण देणंघेणं डोळ्यांसमोर असतं. आज तू माझ्या शेतात, परवा मी तुझ्या. इर्जिकीला आलेल्यांना शेतमालक जेवू घालतो. बंधाऱ्याच्या श्रमदानात ही परतफेड दिसत नाही. ज्या बाईने पन्नास घमेली वाहिली तिची पऱ्ह्याकाठी वितभर जमीन नसते. तिला मिळायचं ते एकच, विहिरीतलं पाणी. ते पहिल्या वर्षी मिळालं नाही तर ती दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि न येण्यात तिचं काहीच चुकत नाही. पुढे तिसऱ्या वर्षी सभेत कुणी म्हणतं, लोकांत पूर्वीसारखा उत्साह राहिला नाही.

म्हणून पाण्याचा करार पहिल्या गोणीआधी व्हावा, ग्रामसभेच्या वहीत लिहून, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी. करार किचकट नको. फुगवट्यात एक खुणेची काठी रोवायची, फूट-फूट अंतरावर रंगाचे तीन पट्टे. वरच्या पट्ट्याच्या वर पाणी असेल, म्हणजे बंधारा भरून वाहत असेल, तर पंप चालेल, ठरलेल्या वारी ठरलेले तास. पाणी वरच्या पट्ट्याखाली उतरलं की पंप बंद, मात्र आंबा-काजूच्या कोवळ्या कलमांना आणि परसातल्या भाजीला बादलीने. मधल्या पट्ट्याखाली उतरलं की फक्त माणसं आणि गुरं. काठी सगळ्यांना दिसते, त्यामुळे कुणाला कुणाकडे तक्रार घेऊन जावं लागत नाही. जाणारी-येणारी माणसं पाहतात, तेवढ्याने काम होतं. गुरांची पाण्यावर यायची वाट आणि धुण्याचे दगड बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवायचे, हेही त्याच वहीत. खालच्या वाडीसाठी पाइप रोज किती वेळ उघडायचा, हेही. पऱ्ह्या पूर्ण तोडून अडवणं ही शेजाऱ्याची आगळीक आहे, मग ते काम कितीही पुण्याचं वाटो.

सरकारी उद्दिष्टाचे बंधारे याच ठिकाणी लंगडे पडतात. ग्रामपंचायतीला आकडा येतो, अमुक तारखेपर्यंत इतके बंधारे. मग पौषात, जवळजवळ कोरड्या पात्रात, रस्त्याकडेला गोणी रचल्या जातात. आकडा पूर्ण होतो. हाच आकडा सप्टेंबरात आला, सोबत दाभणं आणि सुतळी आली आणि जागा निवडायला महिना मिळाला, तर तेच कर्मचारी तेच काम उत्तम करतील. त्यांच्यात या कामाची समज असलेली माणसं पुष्कळ आहेत.

मे अखेरीस, रोहिणीच्या सुमारास, बंधारा काढायचा असतो. हे काम कुणालाच नको असतं. ऊन रणरणतं, पात्रात चिखल, पाणी संपलेलं, पोहे द्यायला मुंबईचे पाहुणे आलेले असतात पण ते लग्नात गुंतलेले. पण मृगाच्या पहिल्या लोंढ्यात गोणी तशाच राहिल्या तर फाटून वाहत जातात, खालच्या रस्त्याच्या मोरीत अडकतात, पाणी रस्त्यावर चढतं. उरलेलं प्लॅस्टिक भाताच्या खाचरांत आणि खाडीत. आणि तुंबलेला पूर काठ खातो. ज्याचा काठ खाल्ला तो शेतकरी पुढच्या वर्षी जागा देत नाही.

म्हणून दहा-बारा जणांनी एक सकाळ द्यायची. आधी पाइपाचा बोळा काढून राहिलेलं पाणी उतरवायचं. मग माथ्यापासून गोणी उचलायच्या, शिवण विळ्याने न कापता उसवायची, माती काठावर टाकायची. फुगवट्यात चार महिन्यांत बसलेला गाळ काळा, बारीक आणि कसदार असतो. दाढीच्या, म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या, जमिनीला तो पावसाआधी टाकायला लोक आनंदाने नेतात, आणि तो आधी भूमिहीनांच्या परसबागांना द्यावा असं मला वाटतं. वरच्या थराच्या, उन्हात राहिलेल्या गोणी बहुतेक विरलेल्या निघतात. खालच्या, पाण्यात आणि चिखलात दडलेल्या, धड असतात. त्या झटकून, वाळवून, पंचवीस-पंचवीसच्या घड्या बांधून देवळाच्या माळ्यावर ठेवायच्या, उंदरांपासून वर. 280 पैकी किती उरल्या ते वहीत लिहायचं, दाभणं मोजायची, आणि किती गोणी कमी पडतील तो आकडा गणपतीला येणाऱ्या मंडळींना आषाढातच कळवायचा.